कोल्हापूरला कायमचं जावं का? (मध्यम शहरात राहणाऱ्यांनी लिहा, तिथून पळालेल्यांनी तर नक्की लिहा)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

माहेर नाशिक, सासर कोल्हापूर, आणि गेली तेरा वर्षं संसार पुण्यात, वाकडला. मुलगी चौथीत. सासू-सासरे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात दोघंच.

फेब्रुवारीत सासरे न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. सासूबाईंनी आधी आम्हाला फोन केला नाही, समोरच्या तालमीत हाक मारली. चार पोरं धावत आली, एकानं गाडी काढली. आम्हाला फोन आला तेव्हा एक्स-रेसुद्धा झाला होता. आम्ही रात्री साडेनऊला निघालो आणि हायवेच्या कामातून, वळणरस्त्यांतून धक्के खात पहाटे साडेचारला पोचलो. २३० किलोमीटरला सात तास. दवाखान्याच्या बाकावर त्या चौघांतला एक जण अजून बसून होता. आम्हाला बघून म्हणाला, "काका झोपल्यात. काकू जेवल्यात. मी जातो आता."

त्या दिवसापासून नवऱ्याचं एकच: झालं आता, परत जायचं.

त्याचा हिशेब सरळ आहे. वाकडला भाडं ३४ हजार, तिकडे स्वतःचं घर. माझं ऑफिस नऊ किलोमीटर आणि संध्याकाळी सव्वा तास. मंगळवार पेठेतून राजारामपुरीला जायला सात मिनिटं लागतात आणि त्यातही सासूबाई म्हणतात, "लई लांब पडतंय."

माझा हिशेब सरळ नाही. मी चौदा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, हाताखाली अकरा जण. नवरा डाय डिझाइनमधला (कारखान्यातले साचे), म्हणजे गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल, तिकडच्या कुठल्याही एमआयडीसीत दार ठोठावलं तर उघडेल. मी दोन ठिकाणी बोलले. एकांनी आताच्या पगाराच्या चाळीस टक्के सांगितले. दुसऱ्यांनी माझा अनुभव विचारायच्या आधी विचारलं, "मिस्टर काय करतात? घरी सासूबाई धडधाकट आहेत ना?"

त्याला गावात पाच दारं, मला अर्धं. आणि हे बोलून दाखवलं की मी म्हाताऱ्यांची काळजी नसलेली सून ठरते. तिथे राहणं खरोखर कसं असतं ते सांगा. सुट्टीतलं कोल्हापूर मला माहीत आहे. मंगळवारी सकाळी अकरा वाजताचं सांगा.

तांबडापांढरा

वैनी, इचार कसला करताय? या की! जगात भारी कोल्हापुरी. गंगावेशला म्हशीखालचं ताजं दूध, सकाळी रंकाळ्याला चक्कर, वाकडात काय मिळतंय सांगा बरं? आणि त्या तालमीतल्या पोरांचं तुमीच लिवलंय, मग आनी काय पायजे?

एकटीच

मी पळालेल्यांपैकी. माझं बालपण राजारामपुरीत, आता बाणेरला एकटी राहते.

तांबडापांढरा यांनी लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त ते पुरुषाचं कोल्हापूर आहे. तालमीतली पोरं तुमच्या सासऱ्यांना उचलून नेतात, कारण त्यांना तुमच्या घरातलं सगळं माहीत असतं. सगळं म्हणजे सगळं. मी चोवीस वर्षांची असताना ऑफिसमधल्या एका मित्राबरोबर रंकाळ्यावर भेळ खात बसले होते. तिथून घर दहा-बारा मिनिटांवर. मी पोचायच्या आत आईला फोन आलेला. फोन करणारे काका वाईट नव्हते, त्यांना मनापासून काळजी वाटली होती. तीच तर अडचण. वाईट माणसाशी भांडता येतं.

शहराची लोकसंख्या साडेपाच लाख (२०११ ची जनगणना), पण कुठेही पहिला प्रश्न "कुणाची गं तू?" मोठं शहर मला माणूसघाणेपणासाठी नको होतं, तो प्रश्न न विचारणारी जागा हवी होती.

तुम्ही लग्न झालेल्या, सून म्हणून जाणार, त्यामुळे हा त्रास कमी होईल. त्याऐवजी "अमक्यांची सून लॅपटॉप घेऊन बसती दिवसभर" हे ऐकायची तयारी ठेवा.

उद्यमनगर_रिटर्न

मी २०१२ ला चाकणहून परत आलो. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरमध्ये छोटं मशीन शॉप होतं, ते वाढवलं. त्यामुळे माझं मत धंद्यातल्या माणसाचं आहे, नोकरीतल्याचं नाही.

आमच्या लायनीत कोल्हापूर म्हणजे मध्यम शहर नाहीच, ते मोठंच आहे. सकाळी पॅटर्नवाल्याकडे लाकडाचा नमुना बघायचा, दुपारी फौंड्रीत ओतकाम, संध्याकाळी माझ्याकडे मशिनिंग, हीट ट्रीटमेंटला रात्री टेम्पो. सगळं पंधरा किलोमीटरच्या आत, आणि निम्म्या लोकांना मी अरेतुरे करतो. कास्टिंगमध्ये हवेचा फुगा निघाला तर ईमेल करत बसत नाही, तुकडा डिकीत टाकून फौंड्रीत जातो, भट्टीजवळ उभं राहून भांडतो आणि तिथलाच चहा पिऊन येतो. पुण्यात याच कामाला तीन दिवस आणि चार मीटिंगा.

आता दुसरी बाजू. आयटीआय करून आलेला पोरगा मी दोन वर्षं शिकवतो. त्याला मशीनचं प्रोग्रॅमिंग जमायला लागलं की तिसऱ्या वर्षी तो चाकणला. त्याचंही बरोबर आहे, मी त्याला तेवढा पगार देऊ शकत नाही. म्हणजे जे कारण मला परवडतं तेच त्याला पळवतं.

ताई, शहर किती मोठं हा प्रश्नच चुकीचा वाटतो मला. तुमच्या धंद्यासाठी ते किती मोठं आहे ते बघा. तुमच्या मिस्टरांसाठी कोल्हापूर महानगर आहे. तुमच्यासाठी तालुक्याचं गाव. एकाच घरात दोघं दोन वेगळ्या शहरांत जाणार आहात.

गोदाकाठची

@उद्यमनगर_रिटर्न, शेवटची दोन वाक्यं नवऱ्याला वाचून दाखवली. तो "हं" म्हणाला आणि गॅलरीत गेला. त्याच्याकडे ही मोठी प्रतिक्रिया असते.

कृष्णामाई

मी सांगलीची. बाकी सगळे पगार आणि मिसळ बोलतील, मी पाण्याचं बोलते. पेठेतलं घर नक्की कुठे आहे? २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?

गोदाकाठची

घरात नाही आलं. उंचावर आहे. पण सासूबाई सांगतात की आजूबाजूला समुद्र आणि घरात प्यायला थेंब नाही, अशी अवस्था होती.

कृष्णामाई

तेच. लोकांना वाटतं घरात पाणी शिरलं नाही म्हणजे सुटलो. नाही हो.

तुम्ही नाशिकच्या, तुम्हाला दुतोंड्या मारुती माहीत आहे. गोदेचं पाणी त्याच्या कुठवर आलं यावर तिथे पूर मोजतात, बघायला गर्दी होते, आणि बहुतेक वेळा ते दोन दिवसांत उतरतं. कोल्हापुरात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी मोजतात: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली आणि उतरता उतरेना. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. आमच्याकडे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली अशीच फुटपट्टी आहे, पावसाळ्यात आम्ही पंचांग बघत नाही, ती बघतो.

हा पूर धो धो येत नाही, चढतो. इंच इंच. रात्री झोपताना कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीला, सकाळी शटरच्या निम्म्यावर. सुतारवाड्यातली माणसं सगळ्यात आधी हलतात, मग जयंती नाल्याचं पाणी उलटं फुगतं आणि शाहूपुरी, कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर. उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली की उंचावरच्या बंगल्यातही नळ कोरडा. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता. पेट्रोल फक्त अत्यावश्यक गाड्यांना. तिकडे पुण्या-मुंबईत दूध मिळेना म्हणून बातम्या, इकडे गोठ्यात दूध आणि टँकर अडकलेले. मोठ्या शहराला चारी बाजूंनी वाटा असतात. आपल्याकडे खरी वाट एक, ती बुडाली की शहराचं बेट होतं.

पुढेमागे जागा घ्यायची झाली तर बिल्डरच्या नकाशावर विश्वास ठेवू नका. पुराची निळी रेषा, लाल रेषा तर बघाच, पण शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर?" तो भिंतीवर बोट ठेवून दाखवेल. त्याला फ्लॅट विकायचा नसतो.

तांबडापांढरा

त्या आठ दिवसात आमी मंडळातनं रोज चारशे मानसांचं जेवण केलंय. ते बी लिवा की.

कृष्णामाई

लिहिते. खरं आहे. सांगलीतही तेच झालं. पण भावा, दर दोन-तीन वर्षांनी जेवणं करायला लागू नयेत असं नाही का वाटत?

खुसखुशीत

या सगळ्यात मिसळीचा विषय निघाला नाही म्हणून आश्चर्य वाटलं. कोल्हापूरची मिसळ ओव्हररेटेड आहे, नाशिकची चुलीवरची जास्त चांगली. चला, मी निघालो.

तांबडापांढरा

ओ थांबा थांबा!! कट कशाला म्हंत्यात म्हाईत हाय का तुमास्नी??

(पुढचे एकोणीस प्रतिसाद मिसळीच्या धाग्यावर हलवले आहेत. इथे विषयावर बोला. – व्यवस्थापन)

हुरडा

सोलापूरकर इथे. वर साडेपाच लाख वाचलं म्हणून लिहितोय. त्याच जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं होतं, म्हणजे आमचं शहर तुमच्या जवळजवळ पावणेदोन पट. पण नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं एक माणूस पाणी भरायला घरी राहतं. बहुधा बाईच. पाणी पहाटे तीनला आलं तर पहाटे तीनला.

गिरण्या बंद पडल्या तेव्हा आमचं मोठेपण गेलं, आकडा तेवढा राहिला. सोमवारी पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसच्या फलाटावर उभं राहून बघा. सगळी पंचवीस ते पस्तिशीची पोरं, पाठीवर सॅक, सॅकमध्ये आईनं दिलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी. पुण्यात त्यांना सोलापूरकर म्हणतात, सोलापुरात "पुण्याला असतो" म्हणतात.

तरीही मी इथेच राहतो. कारण विचारू नका. वडिलांचं दुकान आहे, आणि मला सातच्या आत घरी जेवायला बसायची सवय लागली आहे.

नाडी

मी डॉक्टर आहे, कोल्हापुरात वीस वर्षं. म्हाताऱ्यांचा प्रश्न असल्यामुळे माझ्या बाजूचं लिहितो.

पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हृदयविकारातही घड्याळच महत्त्वाचं. इथे शहराच्या कुठल्याही कोपऱ्यातून वीस मिनिटांत रुग्णालय गाठता येतं. पुण्यात उत्तम रुग्णालय असतं आणि रुग्णवाहिका पुलाखाली उभी असते. कोकणातून, बेळगावकडून रुग्ण इथे येतात, त्यामुळे शहराच्या आकाराच्या मानानं इथली वैद्यकीय सोय मोठी आहे. हाडं, हृदय, मेंदूचा झटका, डायलिसिस, कर्करोगाचे बहुतेक उपचार: सासऱ्यांसाठी निर्धास्त या.

आता जे इथले डॉक्टर उघड बोलत नाहीत ते. दुसरं मत मिळवणं अवघड आहे. एखाद्या उपशाखेचे गावात दोन-तीनच तज्ज्ञ असतात, एकत्र शिकलेले, एकत्र जेवणारे. पहिल्यानं शस्त्रक्रिया सांगितली तर दुसरा सहसा "नको" म्हणत नाही. गंभीर निर्णय असेल तर कागद घेऊन पुण्या-मुंबईला जा, आणि त्याबद्दल इथल्या डॉक्टरचं वाईट वाटून घेऊ नका. माझ्या पेशंटांना मी स्वतः पाठवतो. काही जण त्यामुळे माझ्याकडे परत येत नाहीत.

काळा_कोट

वकील. अठरा वर्षं महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला ये-जा केली. रात्री बसायचं, सकाळी स्टेशनवरच तोंड धुऊन हायकोर्ट, "पुढची तारीख" ऐकायची, रात्रीची गाडी. पक्षकार बरोबर असेल तर त्याचाही खर्च, आणि तो बिचारा चंदगडचा नाहीतर सावंतवाडीचा.

१८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथे, भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयाच्या समोर. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्हे. त्यासाठी चाळीस वर्षांहून जास्त आंदोलन झालं. आता मुंबईत स्थिरावलेले माझे दोन ज्युनियर परत आलेत. बायका-मुलांसकट. टायपिस्टला काम आहे, झेरॉक्सवाल्याला आहे, लॉजवाल्यांना तर आहेच. आणि आसपासचं भाडं बघून मलाच घाम फुटला.

मध्यम शहरात एक मोठी गोष्ट आली की एका पेशाचं नशीब बदलतं. गोदाकाठची ताई, तुमच्या पेशाची ती गोष्ट अजून आलेली नाही. आयटी पार्कच्या घोषणा मी केस काळे असल्यापासून ऐकतोय.

पाचगावचा

जागेबद्दल कुणी नीट बोललं नाही म्हणून. महापालिका १९७२ ला झाली, तेव्हापासून हद्द वाढलेली नाही. शहर मात्र कधीच बाहेर सांडलं: पाचगाव, कळंबा, उचगाव. जाहिरातीत "कोल्हापूर शहरालगत", कागदावर ग्रामपंचायत. घरपट्टी कमी म्हणून आम्ही खुश होतो, मग ड्रेनेज नाही, उन्हाळ्यात टँकर, रस्ता कुणाचा यावर वाद. हद्दवाढ म्हटलं की गावं विरोधात उभी राहतात, आणि त्यांची भीतीही खोटी नाही: कर वाढेल, सोयी कधी येतील कुणास ठाऊक.

शहरातल्यांचंही फार वेगळं नाही. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनसाठी एक पिढी भांडली, ५३ किलोमीटरची ती लाइन होऊन २०२३ च्या दिवाळीत पाणी आलं, लोकांनी गुलाल उधळला. आता पंप बिघडला की पुन्हा घागरी. पण एक सांगतो, हेच शहर टोलच्या विरोधात रस्त्यावर उतरलं आणि टोल घालवून बसलं. दुसरीकडे कुठे झालंय? इथल्या माणसाला राग येतो हा त्याचा गुण आहे, फक्त तो रोजच्या कचऱ्यावर येत नाही.

सेवानिवृत्त

आम्ही दोघे मुलुंड सोडून आलो, नऊ वर्षे झाली. पेन्शनीत राजासारखे राहतो हे खरे. भाजी ताजी, फिरायला रंकाळा, ओळखी नव्याने झाल्या.

एकच गोष्ट सांगतो. मला नाटकाचे वेड. मुलुंड, ठाणे, विलेपार्ले, आठवड्याला एक प्रयोग ठरलेला. इथे केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळातले, १९१५ चे. माझ्या घरापासून चालत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी सकाळी बघायला गेलो, भिंती उभ्या आणि वर आभाळ. लोक रडत होते, मीही.

मुंबईत एक नाट्यगृह बंद पडले तर दुसऱ्यात जातो. इथे प्रत्येक गोष्ट एकुलती एक असते. म्हणून इथली माणसे तिच्यावर जीव टाकतात, आणि ती गेली की मग काहीच नसते.

एकटीच

गोदाकाठची, सगळे शहराबद्दल बोलतायत. मी थेट विचारते. तुमचा पगार नवऱ्यापेक्षा जास्त आहे का?

गोदाकाठची

आहे.

एकटीच

मग धाग्याचं नाव बदला.

गोदाकाठची

काल रात्री तुमचे प्रतिसाद मी आणि नवरा शेजारी बसून पुन्हा वाचले. ठरलं ते असं: कायमचं काही नाही. एप्रिल-मे मी ऑफिसमधून घरून काम करायची परवानगी काढते, मुलीची परीक्षा संपली की तिला घेऊन जाते. नवरा तोवर तिकडच्या दोन-तीन कंपन्यांशी बोलेल. जूनमध्ये काय ते बघू. इथे येऊन सांगीन.

तांबडापांढरा

वैनी, लाइट गेली तर कवाबी हाक मारा. मिरजकर तिकटीला दुकान हाय आपलं, इन्व्हर्टर हाय.

गोदाकाठची

सांगते म्हणाले होते, जुलै उजाडला. माफ करा.

आधी कामाचं. इंटरनेट उत्तम चाललं, पुण्याइतकंच. लाइटनं मात्र रडवलं. वळवाच्या पावसात एकदा संध्याकाळी तीन तास गेली, आणि साडेसातला अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे इन्व्हर्टर. त्यानं स्टूल पुसून दिलं. मी रिलीज पुढे का ढकलावं लागेल ते समजावतेय आणि मागून मोठ्यानं, "आधार पुढचं-मागचं एकाच पानावर का?" क्लायंटनं विचारलं, सगळं ठीक ना? म्हटलं, स्थानिक टीमशी चर्चा चालू आहे. (तांबडापांढरा, तुमचं दुकान त्या पावसात गाठता आलं नसतं, नाहीतर आलेच असते.)

वाकडला कधी खाली एकटी न गेलेली मुलगी तिसऱ्या दिवशी पातेलं घेऊन कोपऱ्यावरून दही आणायला लागली. आठवड्यानं गल्लीत तिचं नाव "पुण्याची". महिन्यानं ती भांडण करून आली, आणि त्या भांडणातले शब्द मी इथे लिहू शकत नाही. फुटबॉलचा मौसम होता तोवर शेजारच्या पोरांनी तिला शाहू स्टेडियमवर नेलं. आता तिची एक टीम आहे आणि दुसऱ्या पेठेतल्या मैत्रिणीशी त्यावरून अबोला आहे.

एकटीच म्हणाली तेही झालं. लॅपटॉपवाली सून ऐकलं. पण ते ऐकवणाऱ्या बाईंनाच पुढच्या आठवड्यात नातवाचा प्रवेशाचा फॉर्म भरून हवा होता, मग एकदम मी "आमच्या गल्लीतली कॉम्प्युटरवाली" झाले. आता रोज कुणीतरी फॉर्म घेऊन येतं. दुपारी दार लोटलेलं असलं तरी येतात. दार बंद केलं तर बरं नाही का म्हणून विचारायला येतात. मंगळवारी सकाळी अकराचं कोल्हापूर कसं असतं ते आता मला माहीत आहे: म्यूटचं बटण आणि दारात उभी असलेली काकू.

सासरे काठी घेऊन तालमीपर्यंत जातात. त्यांना घेऊन गेलेल्या चौघांतला एक जण नोकरीसाठी पुण्याला गेला. वाकडलाच, एका खोलीत तिघं.

आणि आता गंमत. माझ्या ऑफिसनं परवानगी वाढवली, महिन्यातून तीन दिवस पुण्यात हजेरी, बाकी इथून. पगार तोच. नवऱ्याला इथे ज्या तीन ठिकाणी दारं उघडी होती, त्यातल्या दोघांनी आताच्यापेक्षा कमी पैसे सांगितले. तिसऱ्यांनी बरे सांगितले, पण मालकाचा मुलगा त्याच्यावर साहेब असणार, आणि तो मुलगा याच्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान. त्यानं अजून हो म्हटलेलं नाही. म्हणजे ज्याला परत यायचं होतं तो वाकडला भाड्याच्या घरात डबा लावून राहतोय, आणि जी नको म्हणत होती ती त्याच्या आईबरोबर मंगळवार पेठेत कडधान्य निवडतेय. शुक्रवारी रात्री येतो, रविवारी संध्याकाळी जातो. रविवारी दुपारनंतर तो कुणाशी फारसा बोलत नाही.

हे किती दिवस चालेल माहीत नाही. दिवाळीपर्यंतचं ठरवलंय. माझ्या कंपनीनं उद्या धोरण बदललं तर गावात मला अजूनही अर्धंच दार आहे, हे मी विसरलेले नाही.

बाकी राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले का आणि बंधाऱ्यावर किती फूट, हे मी उठल्या उठल्या बघायला लागलेय. इथल्या बायका "मी आलो, मी गेलो" म्हणतात, याला लग्नानंतर किती हसले होते. परवा आईचा नाशिकहून फोन आला, म्हटलं, "थांब गं, दूध उतू जातंय, आलोच." पलीकडे आई दोन क्षण गप्पच.

तांबडापांढरा

झाल्या की हो कोल्हापूरकर!!

एकटीच

वाचून बरं वाटलं. तीन दिवसांच्या हजेरीला पुण्यात कुठे राहता? नवऱ्याकडेच ना? तेवढ्यात त्याच्याशी नीट बोला.

कृष्णामाई

घरात प्यायच्या पाण्याचे कॅन भरून ठेवलेत का?

गोदाकाठची

सहा.

पाचगावचा

आणि गाडी? पेठेत गाडी कुठं लावता? देवीच्या दर्शनाच्या गर्दीत शनिवार-रविवार तर तिकडं पाय ठेवायला जागा नसते.

गोदाकाठची

गाडी पुण्यातच ठेवली. इथे स्कूटर घेतली, जुनी. तीही तालमीच्या दारात लावते, पोरं लक्ष ठेवतात. परवा कुणीतरी न विचारता तिचं पंक्चर काढून आणलं. पैसे विचारायला गेले तर कुणी काढलं तेच कुणी सांगेना.